पेन्सिल, शाई आणि अंगठा

महाराष्ट्र शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर नाशिक जिल्हा, नांदगाव तालुका आणि मनमाड गाव अशी क्रमाने निवड करून सर्व्हे अथवा गट क्रमांक भरला, की त्या जमिनीचा सातबारा कोणालाही पाहता येतो. गाव नमुना 7, म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, आणि गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंद, ही दोन्ही त्या एकाच पानावर असतात. पाहणाऱ्याला त्यातले एक अक्षरही हलवता येत नाही. ज्याला लिहिता येते त्याला स्वतःचे लिहिणे पक्के करता येत नाही, आणि जो पक्के करतो तो मुळात ते लिहीत नाही. एकाच पानावरच्या अधिकाराचे असे तीन वाटे पडले ते संगणकाच्या फार आधी.

लिहिलेल्यात कोणी मागाहून भर घालू नये, ही चिंता मराठी दप्तरात जुनी आहे. शिवकालीन पत्रात माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब उमटवले जाई. या दुसऱ्या शिक्क्याचे कामच लेखनाची सीमा आखण्याचे होते, कारण त्याच्याखाली वाढवलेली ओळ ग्राह्य धरली जात नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द बोलण्यात आजही टिकला आहे तो त्यामुळेच. गावपातळीवर असा बंदोबस्त नव्हता. गावचे दप्तर रुमालात बांधलेले कुलकर्ण्याच्या घरी राहत असे, कुलकर्णीपण वंशपरंपरेचे वतन असे, आणि त्यामुळे ते दप्तर उघडणे, वाचून दाखवणे व त्यात लिहिणे ही तिन्ही कामे एकाच हाती असत. तो हात प्रामाणिक असला तरी त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा हात व्यवस्थेत नव्हता, हा खरा दोष होता.

या व्यवस्थेला खरी कलाटणी मिळाली ती 1903 च्या मुंबई प्रांताच्या हक्कनोंदणी कायद्याने. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणात सारा कोणी भरायचा एवढ्यापुरते नाव नोंदले जाई. आता जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची नोंद होऊ लागली. मनमाडसारख्या ठिकाणी याचे महत्त्व विशेष असले पाहिजे. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे 1900 मध्ये येथे येऊन मिळाली होती, आणि जेथे बाहेरून आलेली माणसे वसतात तेथे कोणते शेत कोणाचे हे केवळ गावकऱ्यांच्या स्मरणावर सोपवून भागत नाही.

या पद्धतीचे मर्म फेरफारात, म्हणजे हक्कातील प्रत्येक बदलाच्या स्वतंत्र नोंदीत आहे. खरेदी, वारसा किंवा वाटणी झाली की तलाठी, म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा सरकारी कर्मचारी, ती थेट सातबाऱ्यावर न चढवता आधी फेरफार नोंदवहीत लिहितो, ही नोंद चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस देऊन हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत देतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी, ज्याला पूर्वी सर्कल म्हणत, फेरफार प्रमाणित करतो. तोवर सातबाऱ्यावर त्या बदलाची खूण केवळ पेन्सिलीने केलेली असे आणि प्रमाणित झाल्यावरच तिला शाई लागे. जुने नावही खोडले जात नसे, त्याला कंस केला जाई, म्हणजे पूर्वी येथे कोण होते हे पुढच्या वाचकाला कळत राही. पेन्सिल, शाई आणि कंस एवढ्या साध्या साधनांनी उभारलेली ही रचना आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील अत्यंत कल्पक रचनांपैकी एक मानावी लागेल. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपुष्टात आली आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम 150 मध्ये हीच रीत कायम ठेवली.

लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न संगणकाच्या जगाला पडला तो एकच यंत्र अनेकजण वापरू लागले तेव्हा. 1960 च्या दशकात आखलेल्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलला कोणी वाचावे आणि कोणी लिहावे याची यादी जोडलेली होती. 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या पहिल्या विकीने नेमकी उलट वाट धरून प्रत्येक पान प्रत्येकाला लिहिण्यासाठी खुले ठेवले. 2003 पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरही पाने सर्वसाधारणपणे खुली असतात, पण वादाचे पान प्रचालक सुरक्षित करू शकतो. तेव्हा बंधन लिहिण्यावर येते, वाचणे सर्वांना मोकळेच राहते.

ई-फेरफार प्रणालीत कागदावरचे हे सारे पडद्यावर आले. तलाठी, ज्याचे पदनाम 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, अंगठ्याचा ठसा आणि डिजिटल स्वाक्षरी यांच्या आधारे आपल्या सजातील, म्हणजे नेमून दिलेल्या गावांतीलच पाने उघडू शकतो. पुढचा टप्पा मंडळ अधिकाऱ्याच्या स्वाधीन असतो. नोटिशीचा फलक ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गेला, आणि पेन्सिलीच्या जागी सातबाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ हा रकाना आला. नगर भूमापन झालेल्या शहरी भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते आणि तेथे लेखणी महसूल खात्याकडे नसून भूमी अभिलेख खात्याकडे असते.

या पानाचा खालचा भाग, म्हणजे नमुना 12, अनेक दशके तलाठ्यानेच भरला. नांदगाव तालुक्यातील शेतकऱ्याने कांदा लावला की मका, हे तलाठ्याच्या पीक पाहणीवरून ठरे, आणि नोंद चुकली तर पुढच्या नुकसानभरपाईत त्याची झळ शेतकऱ्यालाच बसे. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने ही लेखणी शेतकऱ्याच्या हाती दिली: तो आपल्या शेतात उभा राहून भ्रमणध्वनीवर पिकाचे छायाचित्र काढतो, क्षेत्र भरतो आणि नोंद पाठवतो, व पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीनुसार 48 तासांच्या आत ती स्वतः दुरुस्तही करू शकतो. त्याच पानाचा वरचा भाग, ज्यावर त्याचे नाव आहे, त्याला पूर्वीप्रमाणे फक्त वाचता येतो.