हळदीतील भेसळ

हळदीतील भेसळ म्हणजे हळकुंडे किंवा हळदपूड अधिक पिवळी दिसावी अथवा तिचे वजन वाढावे म्हणून तीत बाह्य पदार्थ मिसळणे होय. हिंगोली जिल्हा महाराष्ट्रातील हळद उत्पादनाचे प्रमुख क्षेत्र असून ‘वसमत हळद’ हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हळदीची शुद्धता हा येथे आरोग्याबरोबरच शेतकऱ्यांच्या उत्पन्नाशीही निगडित विषय आहे.

स्वरूप

काढणीनंतर हळदीचे कंद शिजवून, उन्हात वाळवून पॉलिश केले जातात. या टप्प्यावर लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य लावल्यास निकृष्ट हळकुंडेही उजळ दिसतात. पुडीत मेटॅनिल यलो हा अखाद्य रंग, स्टार्च किंवा खडूची भुकटी मिसळली जाते.

परिणाम

शिसे शरीरात साठते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाच्या संपर्काची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही.

नियमन व तपासणी

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये भेसळ दंडनीय असून राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकल्यास शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते. कृत्रिम रंग असल्यास पाणी गडद पिवळे होते. शिशाचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते.

बांगलादेशात जनजागृती व कारवाईनंतर शिसे आढळणाऱ्या बाजारातील नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले.