वाद्यांचा प्रवास आणि तंबोऱ्याची जागा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही ना गवई, ना इतिहाससंशोधक. बी. ए.पर्यंतचे शिक्षण, केंद्र सरकारची नोकरी आणि फायलींच्या सहवासात गेलेले आयुष्य एवढेच आमचे भांडवल. मात्र मंडळाच्या संगीत विभागात एक काम आमच्याकडे वर्षानुवर्षे अखंड राहिले आहे, ते म्हणजे वाद्ये वाहून नेण्याचे. आमच्यापाशी मोटार होती, गळा नव्हता. त्यामुळे कामाची ही वाटणी कोणाचेही मन न दुखावता आपोआप झाली. त्या हमालीत सुचलेला हा थोडासा इतिहास आहे. आपले संगीत गावोगाव निघाले तेव्हा वाद्ये कशी गेली, आणि वाहन बदलत गेले तसे मैफलीत कोण राहिले व कोण मागे पडले, एवढाच त्याचा विषय.

पहिले वाहन म्हणजे माणसाचे अंग. वारकऱ्यांची वीणा गळ्यात, मृदंग गळ्यात, टाळ हातात. पंढरीची वाट चालताना त्यांना गाडी लागत नाही. शाहिराचे डफ-तुणतुणेही तसेच. आपण ज्या छत्तीसगडात येऊन राहिलो, तेथील लोकांनीही हीच युक्ती केली होती. येथील नाचाचा जुना प्रकार 'खडे साज' या नावाने ओळखला जातो. त्यात मशालीच्या उजेडात वादक तबला कमरेस बांधून, उभ्याने, रात्र रात्र वाजवीत. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी आपल्या नाचमंडळीत चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली, आणि उभा साज हळूहळू खाली बसला. वाद्य अंगावरून उतरून बैठकीवर आले, की त्याला वाहन लागते. आमच्या या इतिहासाचा पहिला धडा हाच.

बैठकीच्या वाद्यांचे पहिले वाहन बैलगाडी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. पुढे त्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली. त्या काळी घाट उतरावयाचा तो गाडीने किंवा पायी. भावे मुंबईस खेळ घेऊन गेले ते १८५३ साली, आणि त्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आगगाडीने मराठी रंगभूमीचे रूपच पालटले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यास झाले. १९०८ साली केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी, १९१८ साली मास्टर दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. या कंपन्यांचे बिऱ्हाड हलावयाचे म्हणजे पडदे, पेटारे, आचारी-पाणक्ये यांसह एक लहानसे गावच हलत असे. मालाचा डबा मिळत असल्यामुळे वाद्यांच्या आकाराची फिकीर करण्याचे कारण नव्हते. रंगमंचापुढे पायाने भाता हलविण्याचा जड लाकडी ऑर्गन आला, सारंगीवर कादरबक्ष आले, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखा बुजुर्ग बसला. नाट्यसंगीताचा तो भरदार स्वर गायकांच्या गळ्याचा होता हे खरे. पण त्याला मालडब्याचाही थोडा आधार होता, असे म्हटल्यास रसिकांनी रागावू नये.

आगगाडी आपल्या बाजूस आली ती थोडी उशिराने. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोहोचली. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावापर्यंत झाली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो अरुंद मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला, रायपूरवरून पूर्वेकडे नेला, आणि १८९१पर्यंत नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. मराठी माणूस त्यापूर्वीच येथे आला होता. बिंबाजी भोसले यांनी अठराव्या शतकात रतनपुरास कारभार पाहिला, त्या काळापासूनची घराणी या प्रांतात आहेत. रेल्वे, कचेऱ्या व न्यायालये यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली, आणि १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यावर आणखी काही. घरे वाढली तसे गणेशोत्सव वाढले, आणि गणेशोत्सव म्हटला की गाणे आले. रायपूरहून धमतरीस जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०० साली सुरू झाली होती. तिच्या डब्यात तबल्यांची पोती बाकाखाली आणि तंबोरे मांडीवर घेऊन धमतरीच्या कार्यक्रमास गेल्याच्या आठवणी आम्ही मंडळातील ज्येष्ठांच्या तोंडून पुष्कळदा ऐकल्या. शहरातील तो रूळमार्ग आता उरला नाही. त्या जागेवरून रुंद रस्ता जातो, आणि त्या रस्त्याने आम्ही मोटार हाकतो.

येथे हार्मोनियमविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा ती पायाने भाता हलविण्याची, मेजाएवढी पेटी होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात तिचे हाताच्या भात्याचे, बैठकीवर ठेवण्याजोगे रूप घडविले. पाय गेले, उंची गेली, आणि पेटी एका माणसाने उचलण्याजोगी झाली. पंडितांनी तिच्या स्वरांस नावे ठेवली, आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे टिकली. तरीही पेटी घरोघरी राहिलीच. जी वस्तू टांग्यात, बसमध्ये आणि सायकलीच्या कॅरिअरवर मावते, तिला हद्दपार करणे सोपे नसते.

तंबोऱ्याचे मात्र याच्या अगदी उलट. मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रे घडविणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्यांत फरीदसाहेबांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा भोपळा वाळवून त्याला लाकडी दांडी जोडावयाची. पुरुषी तंबोरा साडेचार-पाच फुटांचा होतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. असे हे वाद्य वाकत नाही, घडी होत नाही, कशावर ठेवता येत नाही आणि त्याच्यावरही काही ठेवता येत नाही. आपल्या मंडळाची तंबोऱ्यांची जोडी मिरजेचीच. ती आगगाडीने आली, आणि रात्रभर आळीपाळीने मांडीवर धरून ज्येष्ठांनी ती आणली.

आता मोटारीकडे वळू. पूर्वी मंडळातील दोघा-तिघांकडेच मोटार होती, ती अँबॅसडर किंवा फियाट. अँबॅसडरची डिकी म्हणजे कोठारच. तिच्यात दोन पेट्या आणि तबल्यांचे दोन जोड सहज जात. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारी मोटार उभी राहिली. लांबी सुमारे अकरा फूट, रुंदी पावणेपाच फुटांच्या आसपास, आणि डिकी एका बॅगेपुरती. आम्हीही पुढे एक जुनी मारुती घेतली, आणि घेतल्याच्या आठवड्यातच संगीत विभागाने आम्हांस चिकटवून घेतले.

त्या गाडीत मैफल भरण्याचे एक शास्त्र आहे. प्रथम तंबोरा, कारण तोच कोणासाठी वाकणार नाही. तारा किंचित उतरवाव्या, घोडी हलू नये म्हणून तबलीवर मऊ फडके बांधावे, आणि गवसणी चढवावी. पुढच्या डाव्या आसनाची पाठ पूर्ण मागे पाडावी. भोपळा मागील आसनावर उशीत बसवावा, दांडी पाडलेल्या आसनावरून पुढे यावी, खुंट्यांखाली घडी घातलेली चादर ठेवावी. पेटी डिकीत, भाता बंद करून खटका लावल्याची खात्री करावी. तबला-डग्गा मागील आसनापुढे पायापाशी, चुंबळींत घट्ट बसवून. झांजा सतरंजीत गुंडाळाव्या, नाहीतर त्या वाटभर वाजतात. मे महिन्यात गाडी उन्हात सोडू नये. रायपूरच्या चव्वेचाळीस अंशांत बंद काचांआड सरस सुटते, पुडी ताणून स्वर चढतो. आणि पावसाळ्यात तीच पुडी ओल धरून उतरते. एवढे झाल्यावर हिशेब असा उरतो, की चालक एक, आणि मागे उजव्या कोपऱ्यात अंग चोरून गायक एक. तबलजी पाठीमागून स्कूटरवर. म्हणजे एका तंबोऱ्याची किंमत दोन माणसांच्या जागा. दुसरा तंबोरा घेण्याचा विचारच मग कोणी करीत नसे.

एकदा भिलाईच्या कार्यक्रमास जाताना आम्ही हे शास्त्र मोडले. आणखी एका माणसास जागा हवी म्हणून भोपळा उशीतून काढून आडवा कलता ठेवला, आणि वर श्रोत्यांसाठी नेलेल्या फराळाची पिशवी टेकविली. खारून नदीचा पूल ओलांडल्यावर समोर म्हैस आली, आम्ही करकचून ब्रेक लावला, आणि मागून जो आवाज आला तो आजही आमच्या कानांत आहे. भोपळ्यास वीतभर तडा गेला होता. त्या दिवशी गाणे पेटीवरच झाले. गायकांनी आम्हांस एका शब्दाने दुखविले नाही, याचाच त्रास अधिक झाला. पुढे तो तडा सांधून घेतला, पण तंबोरा नेण्याचे नाव निघाले की आम्हीच काहीतरी सबब सांगू लागलो.

सबब सोपी होती, कारण तोवर पेटी आली होती. हार्मोनियमची नव्हे, विजेची. बासरीवादक आणि अभियंते असलेले बंगलोरचे जी. राजनारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आपल्या मंडळात तो आम्हीच सुचविला. जेवणाच्या डब्याएवढी ती वस्तू मांडीवर राहते, तिचे स्वर उन्हापावसात उतरत नाहीत, आणि गाडीतल्या दोन जागा परत मिळतात. आता तर मोबाइल फोनमध्येही तंबोरा वाजतो. त्याला खिसा पुरतो. सरकारी नोकराच्या नजरेने पाहता यात लाभच लाभ होता, आणि आम्ही तो लाभ मंडळाच्या सभेत मोठ्या उत्साहाने मांडला.

जमाखर्चात एक रकम मात्र आमच्याकडून सुटली. ती ध्यानात येण्यास दहा-बारा वर्षे लागली. तंबोरा जात असे तेव्हा त्याच्यामागे बसणारे कोणी तरी जात असे, स्कूटरवर तबलजीच्या मागे किंवा बसने. बहुधा ती शिकणारी मुलगी किंवा मुलगा असे. त्याने गावयाचे नसे. तारा छेडीत गायकाच्या मागे दोन तास बसावयाचे, स्वर कोठे लागतो, ताण कोठे घेतली जाते, चूक झाली तर ज्येष्ठ ती कशी सावरतात, हे जवळून पाहावयाचे. मधूनच गायक मान वळवून एखादा आलाप त्याच्याकडे सोपवीत. आज आपल्या गणेशोत्सवात जे तिघे-चौघे आत्मविश्वासाने गातात, ते सारे कधी ना कधी त्या तंबोऱ्यामागे बसलेले आहेत. डबा आल्यानंतरच्या काळात तसा एकही नवा गायक आपण उभा केला नाही. मुलांच्या अभ्यासाची, शिकवण्यांची आणि हिंदी-इंग्रजीच्या ओढीची कारणे आहेतच; ती आम्ही नाकारीत नाही. पण आम्ही गाडीतली तंबोऱ्याची जागा वाचविली, तेव्हा त्याबरोबर त्या मुलाची जागाही काढून घेतली, हेही खरे आहे.

मालडबा गेला तेव्हा ऑर्गन गेला, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. काळच तसा आला. तंबोरा मात्र अजून मंडळाच्या खोलीत, गवसणीत, कपाटाच्या मागे उभा आहे. तारा गंजल्या आहेत, जवारी पुन्हा काढावी लागेल, आणि सांधलेल्या तड्याची रेघ दिसते. हा खर्च आम्ही आमच्याकडून करू, कारण तो तडा आमचा आहे.

कार्यकारिणीस आमची विनंती एवढीच, की सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात बाहेरगावी जेवढे कार्यक्रम होतील तेवढ्यांस जोडीतले दोन्ही तंबोरे न्यावेत, आणि प्रत्येक तंबोऱ्यामागे पंधरा-सोळा वर्षांचे एकेक मूल बसवावे, मग त्याला गाता येवो वा न येवो. मोठी गाडी भाड्याने घ्यावी लागेल. ती भरण्याचे काम, कोणाची हरकत नसेल तर, पूर्ववत आमच्याकडेच असू द्यावे.