रहाट, बावखल आणि चूल

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. १५३४ चा तह, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झालेले आपले संत गोन्सालो गार्सिया, १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेली वसई, हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ असते, आणि असावेही. परंतु ह्या सर्व काळात वाडीतल्या घरात पहाटे चूल कोण पेटवीत होते आणि घरात पाणी कोठून येत होते, ह्याविषयी दप्तरे बहुधा मौन पाळतात. १५५४ साली सिमाँव बोतेल्यू ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या 'तोंबो'त ह्या प्रांताच्या उत्पन्नाची नोंद आहे. येथील गावे लष्करी सेवेच्या अटीवर पोर्तुगीज घराण्यांना दिली जात. महसूल कोणाच्या पदरी पडला हे त्यावरून कळते. तो कोणाच्या घामातून आला हे कळत नाही. ते शोधावयाचे तर बावखलापाशी जावे लागते.

बावखल म्हणजे वाडीतील खोदीव तळे. घराचा चौथरा उचलण्यासाठी आणि वाडीची जमीन सारखी करण्यासाठी माती लागे. ती जेथून काढली तेथे खड्डा होई आणि पावसाचे पाणी त्यात साठे. एका श्रमातून घर आणि पाणी अशी दोन्ही कामे साधत. वसईची पट्टी समुद्रालगतची. येथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. बावखलात साठलेले पावसाचे पाणी जमिनीत हळूहळू मुरे, आणि त्यामुळे आसपासच्या विहिरी वैशाखातही गोड राहत. आमच्या पूर्वजांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, परंतु त्यांनी ते पाळले मात्र खरे.

बावखलाच्या किंवा विहिरीच्या काठी रहाट असे. बैल वा रेडा डोळ्यांना झापड बांधून गोल फिरे, मोठ्या लाकडी चाकावरची मडक्यांची माळ पाण्यात बुडून वर येई, पाणी पन्हळीत ओतले जाई आणि तेथून पाटाने केळी, पानवेल व भाजीच्या वाफ्यांत जाई. आडव्या दांडीवर बसून जनावर हाकणे हे मुलांचे काम. वाफ्याचे तोंड फोडून पाणी वळवणे हे बहुधा घरच्या बाईचे. त्याआधी तिचे दळण झालेले असे, आणि त्यानंतर भात कांडणे, गुरांचे शेणघाण, धुणे व तान्ह्याचे पाजणे उरलेले असे. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, मीठ, मिरची आणि सरपण हेही तिच्याच हिशेबात. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवावयाची आणि त्यांची सुकेळी करावयाची, तीही घरच्या अंगणातच. सायंकाळी घंटा झाली की हातातले काम थांबे. रात्री दिव्यापुढे रोझरी होई, आणि शेवटच्या दशकापर्यंत अर्धी मुले झोपलेली असत. (आम्हीही त्यातलेच, हे येथे कबूल केलेले बरे.)

दोनशे वर्षांच्या सहवासाने चुलीभोवती काय ठेवले, हे पाहणेही मनोरंजक आहे. बादली, परात, चावी, साबण, पाव हे शब्द पोर्तुगीजांचे. जाते, उखळ, मुसळ, पाटा-वरवंटा मात्र आपलेच राहिले. राज्यकर्त्यांनी नावे व आडनावे बदलली, परंतु दळणाकांडणाची भाषा त्यांना बदलता आली नाही.

१८६४ साली लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि वाडीचे घर बाजाराला जोडले गेले. आमची आजी पहाटे बैलगाडीतून स्टेशनावर जाई आणि भाजीची पाटी घेऊन गाडीत बसे. लाल लुगड्यातील ह्या बायांनी मुंबईच्या दारोदारी भाजी विकून मुलांच्या फिया भरल्या. कूळकायद्याने कित्येकांच्या नावावर जमिनी झाल्या. परंतु सात-बाऱ्यावर नाव चढले ते बहुधा पुरुषाचे.

आमच्या बालपणी आमचा रहाट मोडकळीस आलेला होता. इंजिन आले होते, पाठोपाठ विजेचा पंप आला. रहाट जनावराच्या दमाइतकेच पाणी काढी. पंपाला दम लागत नाही. पुढे टँकर येऊ लागले आणि वाडीचे पाणी इमारतींकडे जाऊ लागले. १९८८ नंतरच्या हरित वसईच्या लढ्यात पाणी हा एक मुख्य प्रश्न होता, हे वडीलधाऱ्या वाचकांना स्मरत असेल. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात पलिष्टी लोक अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजवतात आणि इसहाक त्या पुन्हा खणून काढतो. आमच्याकडे मात्र बुजवणारे परके नव्हते.

आमचे बावखल आमच्या घरानेच बुजवले. तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. भाऊ वेगळे झाले होते, धाकट्याला घरासाठी जागा हवी होती आणि बावखलाचा कोणाला उपयोग उरलेला नव्हता. भराव घालण्यापूर्वी आजी एकटीच काही बोलली, असे आईने पुढे सांगितले. काय बोलली ते आईला आठवत नव्हते. दीक्षा झाल्यावर पहिल्याच वर्षी त्या जागेवरच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यास आम्हालाच बोलावणे आले. आम्ही खोलीखोलीत पवित्र पाणी शिंपडले. प्रार्थना आटोपल्यावर वहिनींनी चहा आणला आणि ओशाळून म्हणाल्या, "फादर, पाणी मचूळ आहे. गेल्या वर्षापासून विहीर अशीच झालीय."