यावलकडील ठासणीची बंदूक

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांचे पराक्रम, देवस्थाने व दानधर्म यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्या मानाने प्रस्तुत विषय क्षुद्र वाटेल. ज्या बांधवांची शेते सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांच्या माजघरात दोन पिढ्यांपूर्वी खुंटीवर ठासणीची बंदूक टांगलेली असे. आज ती शोधू गेल्यास सापडत नाही.

यावल परगणा १७८८ मध्ये शिंद्यांनी निंबाळकरांस दिला. त्या काळची बंदूक तोड्याची. जळता तोडा कानावरील रंजकेस लागला म्हणजे बार उडे. पुढे चकमकीची व नंतर केपाची बंदूक आली, तरी दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासण्याची रीत तीच राहिली. इंग्रजी अंमलात, १८२५ मध्ये, औट्रमने धरणगावास भिल्लांची पलटण उभी केली. १८५८ च्या एप्रिलात याच सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. त्या धामधुमीनंतर सरकारने प्रजेच्या हत्यारांवर नजर वळविली, आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांस मात्र त्यातून सूट होती!

परवाना मिळालेल्या शेतकऱ्याच्या हाती जी राहिली ती हीच बंदूक. तिची दारू म्हणजे सुमारे पाऊण हिस्सा सोरा, उरलेल्यात कोळसा अधिक व गंधक कमी. कोळशास तुराट्या उत्तम समजत. माझे वडील शिंगातून दारू मापून नळीत ओतीत, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठाशीत, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि सर्वांत शेवटी केप. एवढे करून बार एकच. तो चुकला आणि रानडुक्कर उलटले, तर माळ्यावर चढण्यावाचून गती नसे. पावसाळ्यात दारू सर्दावली की नुसता केप फुटे व बंदूक मुकी राही. म्हणून वडील बहुतेक रात्री छर्रे घालीतच नसत. नुसत्या दारूचा बार काढीत. तो डोंगरावर आपटून परत येई आणि मक्यात शिरलेला कळप उधळे. शिकारी म्हणविणारे गृहस्थ या बंदुकीस हसत. परंतु आमचे पीक तिनेच राखले.

विशेष हे की, स्वतंत्र भारताच्या कायद्याने तिची ही योग्यता मान्य केलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे कलम आहे. मग ती गेली कशी? १९६९ मध्ये यावल अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आतील परवानेधारकांस नोंदणी सक्तीची केली व तेथे नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आवश्यक ठरविली. जंगल राखले पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पण ज्या शेतास डुकरांचा उपद्रव सर्वांत अधिक, तेच शेत या कक्षेत सापडते. पुढे केपा मिळेनाशा झाल्या, दारू घरी करणे गुन्हाच होता, आणि चाप-घोडा दुरुस्त करणारा कारागीर म्हातारा झाला, त्याच्या मुलाने मोटारींचे काम धरले. परवानेधारक वारला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. वारसाच्या नावे परवाना होईतो ती तेथेच राही.

आमचीही तशीच गेली. वडिलांच्या मागे आम्ही भावांनी अर्ज केला, दोनदा हेलपाटे घातले, तिसऱ्यांदा कोणी जायचे यावरून आमच्यातच बोलाचाली झाली. दोष एकट्या कचेरीस देता येत नाही. काही वर्षांनी मी चौकशीस गेलो, तेव्हा दस्त्यास वाळवी लागलेली होती आणि नळी गंजाने खालपासून वरपर्यंत बुजली होती. पावती मजजवळ आहे, पण तिच्यावरील शाई आता वाचता येत नाही.

२०१५ मध्ये राज्यशासनाने पिकांची नासाडी करणारी रानडुकरे व रोही मारण्यास परवानगी देण्याची सोय केली. परवानगी मिळाली तरी मारावे कशाने, हा प्रश्न उरतोच. माझ्या धाकट्या भावाने केळीच्या बागेभोवती झटक्याची तार ओढली आहे. डुकरे तिच्याखालची माती उकरून आत येतात.

दारूचे शिंग तेवढे घरात राहिले. नातवंडे ते कानाशी धरून त्यात काही ऐकू येते का पाहतात. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुने परवाने, जमा-पावत्या अथवा बंदुकीचे क्रमांक लिहिलेले कागद असतील, त्यांनी त्यांच्या नकला मंडळाच्या चिटणीसांकडे द्याव्यात, ही विनंती. सर्व नकला एकत्र केल्यास कोणत्या गावी किती बंदुका होत्या, याची यादी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देता येईल.