असईचें रणक्षेत्र : नदीच्या उताराचा पुरावा

जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या उत्तरतीरीं होती. जवळपास दुसरा उतार नाहीं, असें वाटाडे सांगत. परंतु पिंपळगांव व वरूड हीं गांवें समोरासमोरच्या तीरांवर पाहून, त्यांमध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें अनुमान वेलस्लीनें केलें. तें खरें ठरलें. तेथें नदी उतरून तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. पोलमनच्या पलटणींनीं तोंड फिरवून भडिमार केला. त्यांत स्कॉटलंडच्या ७४ व्या पलटणीची धूळधाण उडाली. तरी जय इंग्रजांचा झाला. सारांश, गांवांची मांडणी व नदीचे उतार हेहि अस्सल साधनच होय. दप्तरांइतक्याच आस्थेनें संशोधकांनीं त्यांची टिपणें करून ठेवावीं.