दार मिटते तेव्हा इन्शुलिन सुटते

'रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन स्रवतात.' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण साखर वाढल्याचे पेशीला कळते कसे, असे एखाद्या मुलीने विचारले तर आपली पंचाईत होते. या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला, आणि त्या शोधाचा एक धागा चक्क विषमज्वरापासून सुरू होतो.

1942 साली, ऐन युद्धकाळात, फ्रान्समधील मोंपेलिए येथे मार्सेल झांबों हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. काही रुग्णांना झटके येऊ लागले, शुद्ध हरपू लागली, काही दगावले. त्यांची रक्तशर्करा फार उतरत होती. झांबोंनी ही गोष्ट त्याच गावातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑग्युस्त लुबातिएर यांच्या कानावर घातली. लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. औषध दिले की साखर उतरे. पण स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यात तसे होत नसे. म्हणजे औषध स्वतः साखर कमी करीत नव्हते, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत होते. वर्गात तर्कशुद्ध प्रयोगाचे उदाहरण द्यायचे झाले तर आम्ही हेच देऊ.

1950 नंतरच्या दशकात या जातीच्या, म्हणजे सल्फोनिलयुरियाच्या, गोळ्या मधुमेहींना मिळू लागल्या. त्यांचा गुण येत होता, पण त्या पेशीतील नेमक्या कशाला धरतात हे कोणालाच सांगता येत नव्हते.

त्यासाठी आधी साधन हवे होते. 1976 मध्ये जर्मनीत एर्विन नेहेर व बर्ट साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पेशीच्या आवरणाला लावून एकेका प्रथिनातून जाणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. ही रीत वापरून 1983 मध्ये जपानच्या अकिनोरी नोमा यांना हृदयाच्या स्नायूपेशीत पोटॅशियमचे एक दार सापडले. ते प्रथिनाचे होते आणि एटीपी असले की मिटत होते. पुढच्याच वर्षी बीटा पेशीतही तसे दार मिळाले. ग्लुकोज दिले की ते मिटते, हे ऑक्सफर्डला फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

येथे थोडे थांबू या. साखर कमी असते तेव्हा यातली बरीच दारे उघडी असतात. पोटॅशियमचे धन आयन बाहेर जात राहतात आणि पेशीची आतली बाजू ऋण राहते. साखर आत आली, तिच्यापासून एटीपी तयार झाले, की ते या प्रथिनाला चिकटते आणि दार मिटते. आतला ऋणभार घटतो. तो घटला की दुसरे एक प्रथिन, कॅल्शियमचे दार, उघडते. कॅल्शियम आत शिरते आणि इन्शुलिनने भरलेल्या पिशव्या आवरणाशी एकजीव होऊन बाहेर रित्या होतात. (हे एकजीव होणेही प्रथिनेच घडवतात, त्यांच्या शोधाला 2013 चे नोबेल मिळाले. ती कथा वेगळी.) सल्फोनिलयुरिया साखरेची वाट न पाहता हेच पहिले दार ओढून घेते. झांबोंच्या रुग्णांचे काय झाले असेल ते आता कळते.

1995 मध्ये या दाराचे दोन्ही भाग जनुकांसह हाती आले. एका प्रथिनाच्या चार प्रतींचे छिद्र, आणि भोवती दुसऱ्याच्या चार प्रती. गोळी मुख्यतः या दुसऱ्याला चिकटते.

जन्मानंतर सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होणारी काही बाळे असतात. ती आयुष्यभर इन्शुलिनच्या सुईवर राहणार असेच धरले जाई. 2004 मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यांतल्या अनेकांच्या छिद्राच्या जनुकात बिघाड आढळला. बीटा पेशी होत्या, इन्शुलिनही होते. फक्त एटीपी आले तरी दार नीट मिटत नव्हते. मग गोळीने ते मिटेल का? 2006 मध्ये असा बिघाड असलेल्या 49 जणांना सल्फोनिलयुरिया देऊन पाहिले. त्यांतील 44 जणांची इन्शुलिनची सुई बंद झाली.

मुलांमधला नेहमीचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा, मधुमेह मात्र वेगळा. त्यात बीटा पेशीच नष्ट होतात, त्यामुळे तेथे ही गोळी चालत नाही आणि सुई थांबवणे जिवावर बेतते. कोणत्या बाळाचे दार अडले आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकतपासणी करावी, असे डॉक्टर आता सांगतात.