शोधु : हवाल्याची कुळकथा

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी तिथे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी लिहायला घेतल्या. स्वामी निघून गेले होते. उरली होती ती त्यांना पाहिलेली, ऐकलेली माणसं. म्हाइंभट एकेकाला गाठून विचारत आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेत. असं 'लीळाचरित्र' उभं राहिलं.

चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांचे पाठ थोडेथोडे वेगळे निघाले. तो फरक पुसून एकच गुळगुळीत पोथी करता आली असती. तसं झालं नाही, आणि मराठीवर हे मोठंच ऋण आहे. लीळा सांगता सांगता मध्येच हिराइसाचं नाव येतं आणि तिच्या पाठातला निराळा तपशील पुढे येतो. कुठे नुसता 'शोधु' हा शब्द, आणि त्यामागून चौकशीत हाती लागलेली माहिती. खूण मजकुराच्या ओळीतच असल्यामुळे नक्कल उतरली की हवालाही सोबत उतरतो.

स्वामींचे दृष्टान्त संकलित करणाऱ्या केशिराजबासांनी 'दृष्टान्तपाठा'त हीच काळजी वेगळ्या तऱ्हेने घेतली. 114 दृष्टान्त, आणि प्रत्येकाचे तीन भाग : सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. पहिले दोन स्वामींच्या तोंडचे, तिसरा केशिराजबासांचा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट वाचतानाही कोणता शब्द कुणाचा, हे मांडणीवरूनच कळतं.

कोणता शब्द कुणाचा, हे नोंदवून ठेवायची वेळ सॉफ्टवेअरवाल्यांवर 2004मध्ये आली. लिनक्स या संगणकप्रणालीचा कोड कुठून आला यावरून कोर्टकज्जे चालू होते. तेव्हा लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांनी प्रत्येक बदलाखाली देणाऱ्याच्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ घालायची पद्धत आणली. पुढच्याच वर्षी कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं गिट आलं. त्यात नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे कमिट. लिनक्समध्ये जुनी चूक दुरुस्त केली की कमिटच्या नोंदीत 'फिक्सेस' ही ओळ लिहायची : चुकीच्या कमिटच्या 40 अक्षरी खुणेतली पहिली 12 अक्षरं आणि शेजारी कंसात त्याचं शीर्षक. खूण यंत्रासाठी, शीर्षक माणसासाठी. चर्चेचा पत्ता 'लिंक' या ओळीत जातो. पण कारण नोंदीतच लिहायचं असतं, कारण पत्ता उद्या बंद पडू शकतो.

म्हाइंभटांच्या पोथीतले हवाले मात्र नकलांसोबत उतरत छापखान्यापर्यंत आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी पोथ्यांमागून पोथ्या ताडून 'लीळाचरित्र' संपादित केलं. ते 1978मध्ये छापून आलं.